हवालदारांवर ग्रीक उपचार

सैन्यातून निवृत्त होऊन घरी आलेल्या हवालदारांच्या मनाची काळजी वाटायला सरकारला आठ महिने लागले. सरकारला काळजी वाटली की परिपत्रक निघतं, तसं ते निघालं. माजी सैनिकांनी शनिवारी दहा वाजता सपत्नीक हजर राहावं, 'युद्ध, परतीची वाट आणि प्राचीन ग्रीक संस्कृती' या विषयावर मार्गदर्शन होईल, चहाची सोय आहे.

"ग्रीक कशाला?" हवालदारांनी बायकोला विचारलं. "आपल्याकडची माणसं संपली का?"

"आपल्याकडच्या माणसांशी तरी तुम्ही कुठे बोलता?" शिलाई मशीनवर पडद्याला टीप मारत ती म्हणाली. "ग्रीकांशी बोलून बघा."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. घरी आल्यापासून हवालदार दोनच गोष्टी बोलत, 'बरं आहे' आणि 'नको'. पाहुणे यायचे, किती शत्रू लोळवले ते विचारायचे, हवालदार मिशीवरून हात फिरवत 'बरं आहे' म्हणायचे. त्यात वीराचा विनय दिसून पाहुणे तृप्त होऊन जायचे.

शनिवारी सैनिक कल्याण कार्यालयाच्या सभागृहात चार पंखे आणि त्यांतला फिरणारा एक यांच्याखाली वीसेक जोडपी बसली. मार्गदर्शक म्हणून आलेले प्राध्यापक इतके किडकिडीत होते, की फिरता पंखा त्यांच्यापासून लांब होता हे बरंच झालं.

"अडीच हजार वर्षांपूर्वी," प्राध्यापक म्हणाले, "ग्रीक लोक लढाईवरून आलेल्या माणसांना नाटकाला बसवायचे. लिहिणारा, काम करणारा, बघणारा, बहुतेक जण लढाई पाहिलेले. गावानं एकत्र बसायचं आणि लढाईत काय झालं ते ऐकायचं."

"तुम्ही कुठल्या आघाडीवर होता?" हवालदारांनी मागून विचारलं.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "मी शाळेत कवायतीलाही दांडी मारायचो," ते म्हणाले.

हवालदार थोडे सरळ बसले. सरकारी कार्यक्रमात खरं बोलणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला होता.

मग प्राध्यापकांनी स्वतःच लिहिलेला, ग्रीक वळणाचा एक नाट्यप्रवेश सगळ्यांना वाटला. योद्धा वेशीवर परत येतो आणि गावातल्या बायका त्याला प्रश्न विचारतात. योद्ध्याचं काम मिशीमुळे हवालदारांकडे आलं. पुठ्ठ्याचा मुखवटाही मिळाला. त्यातून त्यांना फक्त एका डोळ्यानं दिसत होतं. बायकांच्या घोळक्यात त्यांची बायको पहिल्या रांगेत.

"हे वीरा," बायका कागदात बघून एका सुरात म्हणाल्या, "तुझ्या भाल्यानं किती शत्रू लोळवले?"

कागदावर हवालदारांचं उत्तर छापलेलं होतं, 'अगणित.' हवालदारांनी ते दोनदा वाचलं.

"एकही नाही," ते म्हणाले. "मी ट्रक चालवायचो."

सभागृहात थोडा हशा पिकला. कल्याण अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. बाकीच्या बायका पुढची ओळ शोधू लागल्या, पण हवालदारांच्या बायकोनं कागद खाली केला.

"ट्रकमध्ये काय असायचं?"

"जाताना पीठ, बटाटे, रॉकेल."

"आणि येताना?"

हवालदारांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला. प्राध्यापकांनी मध्ये बोलायला तोंड उघडलं आणि शहाणपणानं मिटलं.

"येताना पोरं. झाकलेली." हवालदारांनी मुखवटा सावरला. "त्यातला एक जाताना माझ्या शेजारी बसला होता. बहिणीच्या लग्नाला रजा मिळेल का, रस्ताभर तेवढंच विचारत होता. मी म्हटलं, गप बस, गाडी चालवू दे. दोन दिवसांनी त्याला मागं घालून आणला. सगळे खड्डे चुकवत आणला. त्याला लागू नये म्हणून."

कल्याण अधिकाऱ्यांनी घड्याळ बाहीखाली सरकवलं.

"म्हणून तुम्ही मला स्कूटरवरून इतकं हळू नेता," बायको म्हणाली. "मला वाटायचं, पेट्रोल वाचवता."

हवालदारांनी मुखवटा काढला. चेहरा ओला होता. पुठ्ठ्यात फार उकडतं, असं ते म्हणाले, आणि सभागृहातल्या सगळ्या माजी सैनिकांनी ते लगेच मान्य केलं. मग मागच्या रांगेतला एक सुभेदार न सांगता उठला आणि त्यानं मुखवटा मागून घेतला. चहा दीड तास लांबला. अधिकाऱ्यांनी अहवालात लिहिलं, 'कार्यक्रम नियोजित वेळेत पार पडला.'

त्या पोराच्या घरचा पत्ता हवालदारांच्या पाकिटात सहा वर्षं होता. पुढच्या रविवारी बायकोनं त्यांना बसमध्ये बसवलं आणि स्वतः खिडकी पकडली.

दार पोराच्या बहिणीनं उघडलं. आपण कोण ते हवालदारांनी उभ्या उभ्याच सांगितलं. शत्रूंचा हिशेब तिनं विचारला नाही.

"त्या दिवशी तो काही खाऊन निघाला होता का?" तिनं विचारलं.

"हो," हवालदार म्हणाले. "माझ्या वाटणीचंही."

ती हसली, आणि हसता हसता तिनं दाराची चौकट धरली. मग त्यांना आत बसवून ती म्हणाली, "सगळं सांगा. मला घाई नाही."

हवालदार सांगायला लागले.