बुजवलेली देवळी

मित्रांनो, मी एक जुनी देवळी आहे. देवळी म्हणजे भिंतीतला कोनाडा. रायपूरच्या गुढियारी भागात, रेल्वेच्या मालधक्क्याजवळच्या एका जुन्या घरात, पुढच्या खोलीत माझा जन्म झाला. मला घडवायला काहीच लागलं नाही. भिंत चढवताना गवंड्याने चार विटा लावायच्या सोडून दिल्या, तीच मी.

घर बांधलं यशवंतरावांनी. ते मूळचे अमरावतीकडचे, इथे रेल्वेत नोकरीला होते. त्यांची बायको लताबाई लग्न होऊन आली आणि पहिल्याच संध्याकाळी तिने माहेरचा पितळी दिवा माझ्यात ठेवला. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती माझ्यापुढे उभी राही. काजळीने माझं कपाळ काळं झालं. दिवाळीला ती मला छुहीच्या पांढऱ्या मातीने पोतारी, पण ते काळं कपाळ तसंच ठेवी. यशवंतराव म्हणत, "रस्त्यावरून हा दिवा दिसला का समजते, भाजी गरम हाय." ते वारले त्या संध्याकाळीही तिने दिवा लावला.

गेल्या महिन्यात खोली रंगवायचं ठरलं. नात ज्ञानदाला पाहायला पाहुणे येणार होते. सून पद्मजा म्हणाली, "आई, तुमची खोली मस्त चमकवून देतो. तोवर मागच्या पडवीत झोपा, वासानं खोकला होईन तुम्हाले."

लताबाईला इतका आनंद झाला, की खोली तिनेच रिकामी केली. ट्रंक ओढली, खिळे उपटले, यशवंतरावांचा फोटो उतरवून पदराने पुसला. दिवा भांड्यांच्या टोपलीत ठेवला. मग सोड्याच्या पाण्याने माझी काजळी घासली, आयुष्यात पहिल्यांदा. "नवा रंग लागून राहिला तुले," ती मला म्हणाली, "नटून घे बाई."

रंगारी हिरालाल लोखंडी पत्तीने जुना चुना खरवडू लागला. लताबाईने त्याला विचारलं, "भैया, देवळी राहीन न?"

"हव दाई," तो म्हणाला. इकडे आईला दाई म्हणतात.

मुलगा शिशिर दारात उभा होता. तो मोबाइल पाहत राहिला.

दुपारी लताबाईचा डोळा लागला. पद्मजा आत आली. "भैया, ये गड्ढा भर दो. यहाँ टीव्ही लगेगा."

"आईले सांगतलं का?" शिशिरने विचारलं.

"मग सांगू. आता सांगतलं तं रडत बसतीन."

हिरालाल विटांचे तुकडे घेऊन आला, तशी पद्मजा थबकली. "थांबा भैया. आईच म्हणतात, रिकामी देवळी बुजवू नाही, घराले लागते. पोरीचं जमवाचं हाय, उगाच काहून?" तिने इकडेतिकडे पाहिलं. टोपलीत दिवा होता. "हा ठेवा. तसाही नव्या भिंतीवर धूरच करन."

शिशिर हसला. "दोन कामं एकातच झाले."

दिव्यात आदल्या संध्याकाळचं तेल होतं. ते माझ्या तळाशी सांडलं. मग विटा, मग सिमेंटचा मसाला, मग पुट्टी.

संध्याकाळी लताबाई वात वळून आली. टोपलीत दिवा नव्हता. तिने वर पाहिलं, तर मीही नव्हते. मी होते तिथे तिने तळवा ठेवला. ओल्या पुट्टीत पाच बोटं उठली.

"देवळी टीव्हीसाठी भरावी लागली," पद्मजा म्हणाली.

"अन् माहा दिवा?"

"मले काय मालूम? तुम्हीच ठेवला असन कुठी."

"टोपलीतच होता न व."

"आई, आजकाल तुम्ही लय विसरून राहिल्या."

ज्ञानदाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "सच में आजी, आप बहुत भूलने लगी हो." शिशिरला ठाऊक होतं. तो म्हणाला, "नवा आणून देतो न. लहान पोट्टीवानी काहून करून राहिली?"

लताबाई गेल्यावर हिरालालने पत्तीने ती पाच बोटं सपाट केली.

रंग वाळला. खोलीत सोफा आला, टीव्ही आला. लताबाईची खाट काही आली नाही. पाहुण्यांनी भिंतीची स्तुती केली आणि आजी कुठे आहेत, असं विचारलं. पद्मजा हलकेच म्हणाली, "मागे असतात. आता त्यांच्या काही ध्यानात राहत नाही."

चहाचे कप घ्यायला आलेल्या लताबाईने ते ऐकलं. तिने मान हलवली. "हव, विसरतो मी आता," ती पाहुण्यांना म्हणाली. "घरातला दिवा कुठी ठेवला, तेही आठवत नाही मले."

आता रोज दिवेलागणीला ती पडवीत दिवा शोधते. ट्रंकेत, खाटेखाली, तांदळाच्या डब्यात. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेते. मला सांगायचं असतं, पण माझ्या तोंडात विटा आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी खोली रंगवायला काढतील, तेव्हा सामान उचलण्याआधी एवढं विचारा, की परत आत कोण येणार आहे. आणि घरातलं म्हातारं माणूस म्हणालं, "माझी वस्तू इथेच होती," तर त्याला विसराळू ठरवण्याआधी भिंतीवर एकदा बोटाने वाजवून पाहा. दिव्याभोवती विटा नीट बसलेल्या नाहीत. टीव्हीच्या मागे, तिथे, अजून पोकळ वाजतं.