बाहीवरच्या दोन फिती

माह्या उत्तमसिंगाले फौजेत नऊ वर्षं झाले, अन् बाहीवर फीत एकच. पलीकडच्या तांड्यातला हरिसिंग त्याच्या मागून भरती झाला अन् तीन फिती लावून हवालदार झाला. दिवाळीत तो सुटीवर आलता, तं पुसदच्या बाजारात जो तो त्याले रामराम घाले. त्याची माय मले म्हने, "तुह्या पोराची अजून एकच का, बाई?" जशी चीनच्या लढाईवर तीच जाऊन आली.

पुसाच्या महिन्यात उत्तमसिंग आला. त्याची सुटी सरली तवा निघाच्या आदल्या दिवशी मी त्याची वर्दी धुतली अन् दुपारभर बसून बाहीवर आनखी दोन फिती चढवल्या. आमच्यात घरचा कपडा कोरा बाहेर जात नाही. पांढऱ्या कापडाच्या फिती, कडेनं लाल दोऱ्याचा टाका, टोकाले एकेक आरसा. सून जमनी म्हने, त्याइले विचारून तं घ्या. मी म्हनलं, मी त्याची याडी; मायनं पोराले कायले विचारावं?

सकाळी त्यानं सदरा हाती घेतला अन् बाही उजेडात धरून पाह्यली. वरडला असता तं मले बरं वाटलं असतं. हळूच म्हने, न भेटलेली फीत लावली तं हाय ते बी काढून घेतीन, वरून कोठडी. फीत शोभेची नसते, याडी. तिच्या हुकमावर मानसं गोळीसमोर जातेत.

"मंग हरिसिंग तुह्याहून शूर हाय?"

"नाही. त्याले नकाशा वाचता येते, रपोट लिहिता येते. मी त्या परीक्षेत चारदा नापास झालो."

हा लहान होता तवा तांड्यावर मास्तर आलता या पोराले शाळेत न्याले, त्याले मीच हाकललं होतं. माह्या ढोरांमागं तू जाशीन का, असं तोंडावर विचारलं होतं.

उत्तमसिंग ब्लेडानं टाके कापाले लागला. माहा टाका, तुटते कुठी?

"सोड, कापड फाडशीन," म्हनून मी सदरा ओढला अन् सुईनं एकेक टाका उसवला. फिती निघाल्या, भोकं राह्यले.

"साहेबानं विचारलं तं काय सांगू?"

"सांग, मायनं केलं."

"फौजेत असं सांगता येत नाही, याडी."

परीक्षा परत कधी, ते मी मोटारीपाशी विचारलं. चैतात, म्हने. मोटार गेली. चैताले तीन महिने हायेत, अन् त्याच्यासाठी मले एक अक्षर काढता येत नाही.