झाकलेले जोड

वायरींचा जोड कुणीही झाकतो, पण धाकटीने झाकलेला जोड शोधावा लागतो, असं त्या कारखान्यात म्हणत, आणि उगीच म्हणत नसत. जोडावर चढवायची प्लास्टिकची नळी, म्हणजे स्लीव्ह, कापताना ती जोडापेक्षा दोन्ही बाजूंना पेरभर जास्त ठेवायची, कारण तापली की ती लांबीलाही आखडते. गरम हवा सोडणारी हीट गन मधोमध धरून टोकांकडे न्यायची, म्हणजे आत हवा कोंडत नाही, आणि दुसऱ्या हाताने वायर सारखी फिरवत राहायची. स्लीव्ह जोडाला घट्ट बिलगून बसे. ना सुरकुती, ना करपल्याचा डाग. एकाच जागी गन रोखून बसणाऱ्या नवख्यांना ती म्हणायची, "बाई, वायर झाकायचीय, भाजायची नाहीये."

तिच्या आधीचा हात ताईचा. ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण. आई गेल्यावर हिची वेणी घालण्यापासून हिला या बाकावर आणून बसवण्यापर्यंत सगळं तिनेच केलेलं. ताई धाकटीने कापलेली स्लीव्ह वायरीत ओवून बाजूला सारायची, टोकांना पीळ द्यायची, सोल्डर करायची आणि वायरींचं जुडगं धाकटीकडे सरकवायची. झाकण्याआधी जोड ओढून बघायचा, हा कारखान्याचा नियम होता. पहिल्या आठवड्यात धाकटीने तो पाळला, तेव्हा ताईने हातातलं काम खाली ठेवून सगळ्यांदेखत विचारलं होतं, की माझे जोड आता तू तपासणार का? बाक हसला, धाकटीही ओशाळून हसली. त्यानंतर अकरा वर्षांत तिने ताईचा एकही जोड ओढून पाहिला नाही. सख्ख्या बहिणीवर पहारा ठेवायचा तर मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

ही जुडगी जायची जिन्यावरून माणसांना वर नेणाऱ्या विजेच्या खुर्च्यांमध्ये. एके दिवशी एक खुर्ची जिन्याच्या मधोमध अडली आणि तीत बसलेले आजोबा दीड तास ना वर ना खाली असे लटकून राहिले. ते सुखरूप उतरले, पण जुडगं परत आलं. मालकांनी दोघी बहिणींना बोलावून ब्लेडने स्लीव्ह चिरली. आत सोल्डर नव्हतंच म्हणायचं. वरून नुसता हात फिरवलेला. मालकांनी चिमटीत धरून ओढलं, तशा दोन्ही वायरी सुटून आल्या.

हा जोड कुणी तपासला होता, असं मालकांनी विचारलं. ताई टेबलाकडे बघत म्हणाली, "झाकायच्या आधी बघायचं काम हिचं."

मालकांनी धाकटीला सांगितलं, गोदामातली सगळी जुडगी तूच चिर, किती वाईट निघतात ते शनिवारपर्यंत सांग, मग तुला ठेवायचं की नाही ते ठरवू.

घरी जाताना ताई रस्त्यातच रडायला लागली. सहा महिने झाले, म्हणाली, डोळ्यांपुढे धुकं येतं, सोल्डर कुठे पडतंय ते कळत नाही. कारखान्यात कळलं तर घरी बसवतील. "तुला नवरा आहे. मला कोण आहे, सांग?" धाकटी संतापलेली होती, पण तिचं काळीज लोण्याचं. ताईने आपल्याला तोंडघशी पाडलं, ते भीतीपोटी, अशी तिने मनाची समजूत घातली. दोष आपल्या अंगावर घ्यायचा, हे तिने घर येईपर्यंत ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती गोदामात बसून आपलंच काम चिरू लागली. अकरा वर्षांची कीर्ती ब्लेडच्या एकेका रेघेसरशी सोलून निघत होती. प्रत्येक जुडग्याला तारखेचा टॅग होता. चांगले जोड उजवीकडे, वाईट डावीकडे. डावीकडचा ढीग वाढत गेला. मग एका खोक्यात सगळेच जोड चांगले निघाले. चकचकीत, गुळगुळीत, कितीही ओढा, सुटेनात. दुसऱ्या खोक्यातही तेच. तिला आधी बरं वाटलं. मग तिने टॅग वाचले.

नऊ दिवसांचं काम होतं ते. ती तापाने घरी पडली होती आणि तिच्या जागी बाकावरचीच एक चष्मेवाली बसली होती. ही चष्मेवाली इतकी संशयी, की स्वतःचा डबाही उघडून दोनदा बघायची. नवव्या दिवसापर्यंत सगळे जोड पक्के. दहाव्या दिवशी धाकटी कामावर परतली होती, आणि त्याच तारखेपासून पुन्हा पोकळ जोड. त्या नऊ दिवसांत ताईचा रोजच्या जोडांचा आकडा निम्म्यावर आला होता. तुझ्याशिवाय कामात मन लागत नाही गं, असं ताई तेव्हा म्हणाली होती, आणि त्या एका वाक्यावर धाकटी अंगात कणकण असतानाच कामावर आली होती.

डोळ्यांवर धुकं येतं ते तारीख बघून येत नाही.

दुपारच्या सुट्टीत तिने एक चांगला जोड आणि एक पोकळ जोड उचलला आणि ताईच्या बाकावर नेऊन ठेवला. टॅग वर करून ठेवले. तारखा बारीक अक्षरात होत्या. ताईने त्या एका नजरेत वाचल्या आणि तिचा चेहरा उतरला.

"चष्मेवालीच्या वेळी दिसत होतं तुला," धाकटी म्हणाली.

रोजचा आकडा गाठायचा तर एवढं निगुतीने करून भागत नाही, आणि आकडा घसरला की पोरीबाळी पुढे जातात, असं काहीसं ताई पुटपुटली. मग तिने मान वर केली.

"ती प्रत्येक जोड ओढून बघायची गं. तू कुठे बघायचीस?"

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली, की त्यात लबाडीही नव्हती. धाकटीला वाटलं होतं की आपण ताईची लाडकी आहोत म्हणून ती आपल्याला शेजारी बसवून घेते. तिने दोन्ही जोड उचलले आणि ती मालकांच्या खोलीकडे निघाली. मागून ताईने दोनदा हाक मारली. धाकटी दार उघडून आत गेली.