कानवाली शंभराची नोट

मी एक जुनी शंभराची नोट आहे. मोठ्या अंगाची, निळसर, हाताळून हाताळून मऊ पडलेली. मित्रांनो, आधीच सांगते, माझ्या तोंडून गोड गोड ऐकायला मिळणार नाही. माणसांनी मला चुरगाळलं, थुंकी लावून मोजलं, वर शिव्याही घातल्या. मग माझा स्वभाव कडू होईल नाही तर काय?

जन्मतःच माझ्यात खोट राहिली. छापखान्यात मोठ्या कागदाची कापणी चालली असताना माझा एक कोपरा आत दुमडला गेला. सुरी फिरली, बाकीच्या बहिणी चौकोनी कापल्या गेल्या आणि माझा दुमडलेला कोपरा वाचला. तो उलगडला की कडेबाहेर कागदाचा तुकडा डोकावायचा, सशाच्या कानासारखा. तपासणाऱ्याच्या नजरेतून मी सुटले, पण बाजारात कोण सोडतंय? "ही काय भानगड?" म्हणत ज्याने त्याने मला दुसऱ्याच्या गळ्यात मारलं.

अशी फिरत फिरत मी गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगडच्या मुन्नालालच्या गल्ल्यात पडले. हा किराणावाला, मोहफुलं आणि चारोळीही विकत घ्यायचा. एका बाजाराच्या दिवशी चमेली नावाची बाई त्याच्याकडे मोहफुलं घेऊन आली. लबाडाने माझा कान आत दुमडला, दोन चांगल्या नोटांच्या मध्ये मला सरकवलं आणि पैसे तिच्या हातावर ठेवले. खपवली हो मला! चमेलीने विश्वासाने पदरात बांधलं. तासाभराने ती त्याच दुकानात तेल घ्यायला आली. तिने मला पुढे केलं, तर हा शहाणा गावभर ऐकू जाईल असा ओरडला.

"ए बाई, नकली नोट चला रही है क्या? पाहा रे, नोटले कान निघाला!"

"तुमीच त दिली ना मघाशी," चमेली म्हणाली.

"मी? माह्या गल्ल्यात असा कचरा राहत नाही!" असं म्हणून त्याने मला तिच्या तोंडावर फेकलं. चोर तो चोर, वर शिरजोर!

त्या दिवसापासून चमेलीचं नाव पडलं 'नकली नोटवाली'. तिच्या हातची दहाची नोटसुद्धा दुकानदार उलटीपालटी करून घेत. बचत गटातल्या बायका तिच्यासमोर कुजबुजत. तिचा नवरा उदेभान म्हणाला, "घाल ते चुलीत." पण चमेली भारी हट्टी. "जारली त लोक म्हनतीन, खरंच नकली होती," ती म्हणाली आणि तिने मला पेटीच्या तळाशी आदळलं. दिसले की "मेली" म्हणायची. मीही तिचा रागच केला. माझा काय गुन्हा होता?

दोन वर्षं गेली. तिची मुलगी दिव्या देवरीच्या कॉलेजात जाऊ लागली. तिच्या मोबाइलमध्ये एक माणूस बोंबलत होता, जुनी नोट द्या, लाखो घ्या, पण आधी फी भरा. दिव्या शहाणी, तिने दमडी पाठवली नाही, पण खऱ्या जाणकाराला दाखवू म्हणून मला पेटीतून बाहेर काढलं. उदेभान कोळशाची इस्त्री घेऊन आला, "चकचक दिसन," म्हणाला. दिव्याने त्याचा हात धरला म्हणून मी वाचले. मग मायलेकी बसने गोंदियाला इंद्रकुमारच्या दुकानात गेल्या. तो जुन्या नाण्यानोटांचा व्यापारी.

त्याने मला चिमट्याने धरलं, भिंगाखाली पाहिलं. उजेडात आतली छबी आणि तार तपासली. कानाच्या मुळाशी जोड नाही, गोंद नाही, कागद एकसंध आहे, हे निरखून घेतलं. इतक्या वर्षांत मला नीट पाहणारा हा पहिला माणूस. मला लाज नाही आली, संताप आला. मेल्या, इतके दिवस कुठे होतास?

"असली माल आहे," तो म्हणाला. "कापनीची गलती. लाख-वाख भूल जाओ, घड्या फार पडल्यात. आठ हजार देतो."

"खरी हाये ना पन?" चमेलीने विचारलं.

"शंभर टक्के."

"मंग आज नाही इकत. आधी मुन्नालालले दाखवीन."

"आई, आठ हजार!" दिव्या रडकुंडीला आली. "कायले त्या मानसाच्या तोंडी लागतेस?"

"तुले पैशाची पडली हाये बाई. नाव माहं गेलं हाये."

पुढच्या बाजाराला चमेली त्याच्या दुकानासमोर उभी राहिली आणि तिने मला वर धरलं. "गोंदियाच्या व्यापाऱ्यानं पारखली. खरी नोट हाये. आठ हजार देऊन राह्यला!"

गर्दी जमली. आठ हजार ऐकून मुन्नालालचे डोळे फिरले. "दे इकडे!" तो धावला. "हे त माझीच नोट आहे! माह्या गल्ल्यातली! मीच दिली होती तुले मोहाच्या पैशात!" त्याने माझा कान पकडला. चमेलीने मला सोडलं नाही. चर्र आवाज झाला. कान त्याच्या हातात, मी तिच्या हातात.

मग भाजीवाली जमुनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तू दिली होती त मंग हिले नकली नोटवाली काऊन म्हटलंस रे?"

मुन्नालालला तोंड लपवायला जागा उरली नाही. बाजाराने त्याला शब्दांनी असं झोडपलं, की मला फार बरं वाटलं! दिव्या मात्र रडत होती. आठ हजार त्या कपट्याबरोबर गेले होते. मीही चमेलीवर चिडले. इंद्रकुमारच्या पाकिटात ऐटीत राहिले असते ना! ती मात्र सगळ्यांना पुन्हा पुन्हा विचारत होती, "आयकलं ना सब्बायनं? मीच दिली म्हनला!" आणि पदराने डोळे पुसत होती.

मित्रांनो, वेगळी नोट हाती आली तर तिला इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका, कात्री तर मुळीच लावू नका. जाणत्याला दाखवा. आणि पारख होण्याआधी ती धरणाऱ्या माणसाला चोर म्हणू नका. शंभराची नोट फाटली तर बँक बदलून देते. फाटलेलं नाव कोण बदलून देतं?

आता मी चारचौघींसारखी चौकोनी झाले आहे. पुढच्या आठवड्यात चमेलीने मला एका बांगडीवाल्याला दिलं. त्याने गप्पा मारता मारता, उलटीपालटी न करताच, मला गल्ल्यात टाकलं. चमेली तिथेच उभी राहिली.

"काय झालं बाई? काही राहिलं का?" त्याने विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि बांगड्या घालून बाजारातून सावकाश चालत गेली.