मारामा आत्याचा वास

मारामा आत्याचं काम सोपं होतं. पेंढा भरलेला किवी झुडपात ठेवायचा आणि कुत्रं तो हुंगायला गेलं की त्याच्या पट्ट्यातून विजेचा हलका झटका द्यायचा. ते कुत्रं पुन्हा त्या बिनउडत्या पाखराच्या वाटेला जात नसे. दहा वर्षं तो किवी काखोटीला मारून ती होकियांगाच्या गावागावांतून फिरली. वास तिच्या अंगात मुरला आणि तिला पाहताच झाडून सगळी कुत्री शेपूट घालून पळू लागली. तिचा स्वतःचा कुत्रा बडीसुद्धा तिच्या भाच्याकडे, रावीरीकडे राहायला गेला.

"मी काय त्याचं घोडं मारलंय?" रावीरी तिच्या घरी आला तेव्हा आत्या त्याच्यावर डाफरली.

"आत्या, तुझ्या अंगाला किवीचा वास येतो. आंघोळ कर."

"सकाळपासून तीनदा केली."

रावीरी सरपण आणायला परसात गेला तो दबक्या पावलांनी परतला.

"ओंडक्यांखाली किवी अंड्यावर बसलाय. जिवंत."

"भरवस्तीत? इथे कशाला आला मरायला?"

"कुत्रं फिरकत नाही असं गावात हे एकच घर आहे, आत्या."

आत्याने न्हाणीघरात जाऊन चौथ्या आंघोळीसाठी भरलेला टब रिकामा केला.