वाकलेले गुडघे

कुवाबारा आजोबांचं वसाहतीच्या कचऱ्यावर बारीक लक्ष असे. फक्त बाटल्या टाकायच्या दिवशी कुणी भलताच कचरा टाकला, की ती पिशवी ते थेट चौथ्या मजल्यावर, ब्राझीलहून आलेल्या एदिल्सनच्या दारात नेऊन ठेवत. पिशवी त्याचीच आहे का, हे बघायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत.

यंदा उत्सवात देवाची पालखी निघायची चिन्हं नव्हती. तरुण पोरं तोक्योला गेली, मागे उरली ती गुडघेदुखी. आजोबा लग्नाआधीपासून पालखीला खांदा देत आलेले. त्यांना घास गोड लागेना.

"चौथ्या मजल्यावर विचारा की," मंडळाच्या अध्यक्षा तोमिएबाई म्हणाल्या.

"त्यांना? बाटली कुठली नि केळ्याची साल कुठली, हे कळत नाही त्यांना!"

"मग राहू दे. पालखी गोदामातच बरी. उंदरांना तरी दर्शन घडेल."

आजोबा तणतणत उठले. तोमिएबाई त्यांना शाळेपासून ओळखत होत्या. 'जा' म्हटलं की हा माणूस बसतो आणि 'राहू दे' म्हटलं की पळतो.

एदिल्सनने दार उघडलं आणि हातच जोडले. "आजोबा, आज मी कचरा टाकलाच नाही!"

"कचऱ्याचं नाही." आजोबा चौकटीकडे बघत म्हणाले. "खांदा पाहिजे."

"कुणाचा?"

"तुझा, गाढवा! पालखीला!"

या वसाहतीत एदिल्सनला सूचना पुष्कळ मिळाल्या होत्या, मागितलं मात्र कुणी काही नव्हतं. "मित्रांनाही आणतो," तो म्हणाला.

उंचीचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. त्या ताडमाड गड्यांनी पालखी उचलली आणि दांडा आजोबांच्या खांद्यावरून वर निघून गेला. ते हातांनी लोंबकळत राहिले. लोक हसले. पालखी निघाली होती, पण त्यांच्याशिवाय. आजोबांचे डोळे भरून आले.

एदिल्सनने मागे वळून पाहिलं आणि आपल्या भाषेत काहीतरी ओरडला. सगळ्या गड्यांनी गुडघे वाकवले. दांडा खाली आला, आजोबांच्या खांद्यावर टेकला. "वाश्शोई! वाश्शोई!" असा पालखीचा गजर करत तसंच वाकून त्यांनी ती सगळ्या वसाहतीत फिरवली.

दुसऱ्या दिवशी एदिल्सनला जिना उतरवेना. आजोबा दुखण्यावरच्या पट्ट्या घेऊन हजर.

"लाव गुडघ्यांना. आणि तुझी बाटल्यांची पिशवी दे इकडे."

जिन्यात त्यांनी सवयीने पिशवीत डोकावलं. बाटल्यांमध्ये केळ्याची साल होती.

आजोबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि ती गुपचूप आपल्या खिशात टाकली.