सांगावा धाडू नका

ध्यान केंद्रातून आलेली यादी महिनाभर आमच्या घरात कॅलेंडरच्या खिळ्याला लटकत होती. दोन पांढऱ्या चादरी, मच्छरदाणी, बॅटरी, कुलूप, सैल कपडे. काय आणायचं नाही त्याची यादी याहून लांब होती. ट्रान्झिस्टर नको, पुस्तक नको, वही-पेन नको, अत्तर नको, तंबाखू नको. खाली लिहिलं होतं की दहा दिवस कुणाशी बोलायचं नाही, पत्र लिहायचं नाही, आलेलं वाचायचं नाही, भेटायला कुणी यायचं नाही. अगदीच निकड असेल तर घरच्यांनी व्यवस्थापकांच्या नावे तार करावी. केंद्र सह्याद्रीच्या ऐन डोंगरात होतं आणि आमच्या लातूरहून तिथं पोचायला दीड दिवस लागणार होता.

जाणार होते माझे मिस्टर, किशनराव. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा उस्मानाबादहून बदली होऊन ते इथं आले, नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून. जिल्हा नवा, कचेरी नवी, खुर्च्यासुद्धा नव्या, दुष्काळ तेवढा जुनाच. यांना दिली टंचाई शाखा. सकाळी दहापासून गावोगावची माणसं यायची आणि टँकर का नाही आला म्हणून यांच्यावर ओरडायची. यांच्या हातात टँकर नव्हता, अर्जावर नंबर टाकणं होतं. पण ओरडायला समोर माणूस लागतो. दोन वर्षं ते ऐकून घेत होते आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसत होते. विहारात कुणीतरी या दहा दिवसांच्या शिबिराचं सांगितलं आणि यांनी तेच धरून ठेवलं. दोनदा रजा मागितली, दोनदा साहेबांनी फेटाळली. तिसरा अर्ज मार्चात दिला तो टेबलावर पडून होता.

तयारी मात्र जोरात. पहाटे चारला उठून दुमडलेल्या वाकळीवर तासभर मांडी घालायची. दुपारनंतर जेवायचं नाही. रविवारी मौन. मौनाचा मला काही फरक कळायचा नाही, कारण इतर वारीसुद्धा हे भाजीत मीठ कमी आहे यापलीकडे फारसं बोलत नसत. मी तसं म्हटलं की आत्याबाई हसायच्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सरजाबाई. त्यांनी लेकासाठी बसकर शिवायला घेतलं होतं. केंद्रात बसायला आसन मिळतं असं यादीत स्पष्ट होतं, मी ते तीनदा वाचून दाखवलं. त्यांचा विश्वास नव्हता. स्वतःच्या जुन्या लुगड्याचे थर लावून बारीक टाके घालत दारात बसायच्या.

"बुडाला खडा टोचल्यावर कसलं ध्यान आलंय," म्हणायच्या.

टाका घालता घालता मध्येच थांबायच्या आणि बरगडीखाली हात दाबून धरायच्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, फोटो काढला, मग मला एकटीला आत बोलावलं. गाठ होती, पसरली होती, कापण्यासारखी राहिली नव्हती. "दोन महिने म्हणजे डोक्यावरून पाणी," ते म्हणाले. चांगला माणूस होता, मला बसायला सांगून मग बोलला.

बाहेर आले तर आत्याबाई लिंबाच्या पारावर बसलेल्या. माझं तोंड बघून त्यांना सगळं कळलं. त्यांनी विचारलंच नाही, थेट म्हणाल्या, "किशनला सांगायचं न्हाई."

"का बरं?"

"अर्ज सायबाकडं पडलाय. कळलं तर माघारी घील. दोनदा मोडलं गं त्याचं. झोपत न्हाई लेकरू माझं."

"आणि ते तिकडं असताना काही झालं तर?"

"झालं तर झालं. तार करायची न्हाई. सांगावा धाडायचा न्हाई."

सांगावा हा शब्द त्यांनी उगीच वापरला नव्हता. आमच्या घराण्याचं कामच ते होतं. सासरे ग्यानोबा चाकूरजवळच्या गावात मयताचा सांगावा न्यायचे. गावात कुणी गेलं की आमच्या माणसानं उठायचं आणि पाहुण्यांच्या गावी चालत जाऊन कळवायचं, पाच कोस असो की पंधरा. दाराबाहेर उभं राहून सांगायचं, आत कुणी घ्यायचं नाही. आत रडारड उठायची. ती ओसरली की वरून भाकरी टाकली जायची. पोर सोबत असलं की भाकरी जरा बरी मिळते म्हणून सासरे किशनरावांना बरोबर न्यायचे. छप्पन साली धर्म बदलला आणि सासऱ्यांनी ते काम सोडलं. सांगाव्याची काठी चुलीत घातली, असं आत्याबाई अभिमानानं सांगायच्या.

त्यानंतर गावातल्या व्यंकटरावांची आई गेली. व्यंकटराव मोठ्या घरचे, पण तेव्हा निलंग्याला व्यापारात होते. आमचं कुणी गेलं नाही आणि दुसरं कुणी जायचं असतं हे गावाला सुचलंच नाही. त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं. ते आले ते थेट आमच्या वस्तीत, आमच्या दाराबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "ग्यानोबा, तू का न्हाई आलास रे?" आणि उभ्या उभ्या रडायला लागले. सासऱ्यांनी घोंगडं टाकलं. त्या घरचा माणूस आमच्या दारात बसला, ही गावातली पहिली वेळ.

पारावर बसून आत्याबाईंनी मला हे पुन्हा सांगितलं आणि वर म्हणाल्या, "तिसऱ्या दिशी कळलं म्हणून कमी रडला का त्यो? पयल्या दिशी कळलं असतं तर त्याची माय उठून बसली असती का? सांगाव्यानं कुणाचं भलं झालंय? माझ्या किशनच्या दारात सांगावा घिऊन कुणी नको यायला."

"तुमचं तुमालाच पटतंय का, आत्याबाई?"

त्या माझा हात धरून उठल्या आणि रिक्षा कर म्हणाल्या. मी वचन दिलं नाही, पण मोडलंही नाही. आत्ताही त्याचा मला राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

एप्रिलच्या मध्यात यांच्या अंगात कुठूनसं बळ आलं. ज्या माणसानं साहेबांसमोर कधी मान वर केली नव्हती, तो दोन दिवस साहेबांच्या दाराशी ठाण मांडून बसला आणि रजेवर सही घेऊन आला. आत्याबाईंनी गूळ वाटला. मलाही कौतुक वाटलं. ध्यानाचा गुण आला म्हटलं.

मग दिवस भराभर जायला लागले. गल्लीत पाचव्या दिवशी नळ यायचा, तेवढ्यात यांच्या चादरी धुऊन काढल्या. कुलूप आणलं, बॅटरीत सेल भरले. आत्याबाईंचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं, मग चतकोरावर. यांच्यासमोर त्या ताट ओढून घ्यायच्या आणि हे उठले की मला परत करायच्या. मला रोज वाटायचं, आज सांगावं. सकाळी चहा देताना वाटायचं, संध्याकाळी दार उघडताना वाटायचं. पण हे डोळे मिटून बसलेले असायचे, आणि डोळे मिटलेल्या माणसाला असली गोष्ट सांगायला कुठून सुरुवात करायची?

शिवाय हा माणूस कसा आहे ते मला ठाऊक होतं. समोरून मयत आलं की गल्ली बदलणारा. बापासोबत चालून चालून याच्या मनात ती रडारड बसली होती. बहात्तरच्या दुष्काळात सासरे गेले, तेव्हा हे रस्त्याच्या कामावर मस्टर लिहीत होते. निरोप सकाळी पोचला आणि हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, माती झाल्यावर. वाहन नव्हतं म्हणाले. वाहन नसेलच, असं मी मानत आले होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पिशवी भरली. बसकर सगळ्यात वर ठेवलं. आत्याबाई भिंतीला टेकून बघत होत्या.

"दहा दिवसांत माझी आठवण आली तर रं?" त्यांनी विचारलं.

"आठवण आली की श्वासाकडं बघायचं असतंय, माय."

"मग बघ बाबा."

हे पिशवीची चेन लावत होते. ती तीन-चारदा लावली आणि उघडली.

सकाळी निघताना हे आईच्या पाया पडले. वाकले ते बराच वेळ वरच येईनात. चौकट धरून उभ्या असलेल्या आत्याबाईंनीच शेवटी म्हटलं, "ऊठ, गाडी जाईल." शेजारच्या चांगुणाला त्यांच्याजवळ बसवून मी यांना स्टँडवर पोचवायला गेले. सांगायचं ते तिथं सांगायचं, असं मी रात्रीच ठरवलं होतं. आत्याबाईंना काय वाटायचं ते वाटो. एका माणसाला त्याच्या आईजवळ राहायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्यावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

औरंगाबादची गाडी फलाटाला लागली होती. मी म्हटलं, "तुमाला एक सांगायचं हाय."

"सांगू नको, तारा."

"ऐका तरी."

"मला ठावं हाय."

मला वाटलं, दुसरंच काही म्हणतायत. "काय ठावं हाय?"

"डॉक्टर आले होते कचेरीत, टँकरच्या अर्जासाठी. मायची तब्येत कशी हाय म्हणले. मला ठावं असंल असं वाटलं त्यांना, सगळं बोलून गेले."

"कधी?"

"चौदा एप्रिलच्या आधी."

मी मनातल्या मनात दिवस जुळवले. जयंतीच्या आधी कळलं आणि जयंतीनंतर साहेबांच्या दाराशी ठाण मांडलं. ज्याचं आम्ही कौतुक केलं, ज्यासाठी गूळ वाटला, ते बळ या बातमीनं आलं होतं.

"मला बघवणार न्हाई, तारा," ते म्हणाले. "लहानपणी लई बघितलंय. कोण मेलं ते मला ठावं असायचं, आतल्या बायांना ठावं नसायचं. हसत बाहेर यायच्या. आता घरात तिच्याकडं बघितलं की तसंच व्हायलंय. दहा दिवस बसतो, मन घट्ट करतो आणि येतो."

"तवर ती ऱ्हाईल का?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तिला तुमी लागताव."

"तशी म्हणली का ती?"

"न्हाई."

"मग?"

त्या एका शब्दावर मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्यांची कीव आली नाही असंही नाही. बेचाळीस वर्षांचा माणूस, आणि समोर बापाच्या मागं लपलेलं पोर उभं होतं. पण पोराला हाताला धरून घरी नेता येतं. याला कसं नेणार?

कंडक्टरनं हाक दिली. हे चढले, खिडकीशी बसले. मी खिडकीखाली जाऊन म्हटलं, "मी तार करणार न्हाई. काही झालं तरी."

रागानं म्हटलं होतं. पोटात तुटेल, उतरतील, असं वाटलं होतं. यांनी मान हलवली, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. एवढंच ऐकायचं राहिलं होतं जणू. गाडी सुटायच्या आधीच त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी घरापर्यंत चालत आले. रिक्षात बसले असते तर रडले असते, आणि रडून घरी जायचं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी चांगुणा भेटली.

"तारामती, तुमच्या सासूबाई काही ऐकनात बघा. तुमी गेल्यापासून पडल्याच न्हाईत. वाटणीच्या पाण्यात तोंड धुतलं, केस इंचरून घेतले, आणि मला तिघांचा भात टाकायला लावला."

तिघांचा. मी जागीच थांबले. मग पदरानं तोंड पुसून पुढे झाले.

आत्याबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता त्या माझ्या मागच्या रस्त्याकडे बघत होत्या. मी अगदी जवळ येईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

"गेला?"

"गेले."

"तू सांगितलंस?"

त्यांच्या त्या विचारण्यात मला सगळं ऐकू आलं. सांगू नको म्हणाली तेव्हापासून ही बाई मी सांगायची वाट बघत होती. ये म्हणायचं नव्हतं तिला, तो आपणहून यायला हवा होता. मी सांगितलं असं म्हटलं असतं, तर त्याचा अर्थ एकच होता, आणि तो घेऊन तिला उरलेले दिवस काढावे लागले असते.

"न्हाई सांगितलं," मी म्हटलं. "तुमी नको म्हणला होता ना."

त्यांनी सुस्कारा सोडला. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ओठांवर थोडं हसू.

"मला वाटलं हुतं, तू सांगशील. लई तोंडाची हाईस तू." त्यांनी माझा हात घेतला. "जाऊ दे. त्याला बिचाऱ्याला काय ठावं. कळलं असतं तर उतरला असता गं त्यो."

"हाव," मी म्हटलं. "पळत आले असते."